यांची गाडी

३ नोव्हेंबर

परसराम भाऊजी सकाळीच आले. चहा घेतला, मग पोर्चमधल्या गाडीभोवती फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला — जशी त्यांचीच. "वहिनी, उभी राहून राहून बॅटरी बसते. मले द्या, मी फिरवतो." हे जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत धाकट्या दिराने माझी चौकशी एकदाही केली नाही. काळजी आहे ती बॅटरीची.



४ नोव्हेंबर

या गाडीचा मला राग येतो. प्लग लावला की विजेवर चालते, वीज संपली की पेट्रोलवर. तुमसरात अशी दुसरी नाही म्हणून यांनी पावणेचार वर्षांपूर्वी नागपुरातून जुनी आणली. आणि मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी नागपूर. राइस मिलचं काम म्हणे. सकाळी सातला निघायचे, रात्री नऊला घरी. एकदा म्हटलं, मीही येते, सीताबर्डीला सोडून द्या. "तू कायले येते? कटाळशील." मी पुन्हा विचारलं नाही.

तीन वर्षांत त्या गाडीत मी बसले ती फक्त लग्नकार्याला. सात वेळा.

६ नोव्हेंबर

ठरलं. दान करते. सिहोऱ्याला म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याची एक संस्था आहे, त्यांना, पेशंटची ने-आण करायला. पुण्याहून रक्षा फोनवर म्हणाली, "आई, किती मोठं मन गं तुझं." पोटची लेक, पण मला ओळखत नाही. भाऊजींना मिळू नये आणि मला रोज दिसू नये — एवढंच.

१२ नोव्हेंबर

दिली एकदाची. कागदपत्रांवर सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. गाडीला झेंडूचा हार. अध्यक्ष बराच वेळ बोलले — "ज्योत्स्नाताईंसारखी माणसं आहेत म्हणून..." किल्ली देतानाचा फोटो तीनदा काढला, कारण पहिल्या दोन्हींत अध्यक्षांचे डोळे मिटलेले.

बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? या गाडीजवळ मला कुणी पहिल्यांदाच मानाने उभं केलं.

भाऊजी आले नाहीत. तेही बरंच वाटलं.

१८ नोव्हेंबर

संस्थेचा ड्रायव्हर खेमराज, त्याचा फोन. "बाई, गाडी आमच्या मोबाइलले जुडून नाही राहिली. साहेबांच्या मोबाइलमधून त्याहीचं खातं काढा लागते."

यांचा फोन कपाटातून काढला, चार्ज केला, गाडीचं ॲप उघडलं. गाडी कुठे, कधी चार्ज झाली ते सगळं त्यात आहे. दोन जागांना यांनी नावं दिलेली. एक 'घर'. दुसरी नागपूरच्या वाटेवर, वरठीत. तिचं नाव 'गुड्डी'.

मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाच ते आठ. तीन वर्षं.

खातं काढलं नाही.

१९ नोव्हेंबर

साठीचा माणूस. आणि गुड्डी.

२१ नोव्हेंबर

गेले वरठीला. पॅसेंजरने, मग ऑटोने, ॲपमधल्या नकाशावर बोट ठेवून. काय काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होते. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या भिंतीवर मोठा सॉकेट, पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा ठोकलेला. खाली एक बाई मासोळ्या साफ करत बसलेली. मला पाहून उभीच राहिली.

"बाई, तुमी?"

रुखमिणी. आमच्या मिलमधल्या आसारामची बायको. त्याने वीस वर्षं मिलमध्ये पोती उचलली, चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर ही एकदा माझ्या दारात आली होती. गाडी नवीनच आलेली. पोरीच्या दोन्ही किडन्या गेल्या, नागपूरला नेऊन सोडा म्हणत होती. मी पायरीवरूनच म्हटलं होतं, "ही काय ॲम्ब्युलन्स आहे? मासोळीचा वास बसला तर सीटचा जाणार नाही." हे आत बसून ऐकत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

गुड्डी ही तिची पोर. एकोणीस वर्षांची, दिसते बारा-तेराची. हाताची शीर दोरीसारखी फुगलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हे तिला न्यायचे, चार तास बाहेर बसायचे, परत आणायचे. मग गाडीला प्लग लावून चहा.

"आता कशी जाते?"

"रेल्वेनं. येतानी जागा नाही भेटत, उभं राहा लागते. दोनदा चक्कर येऊन पडली डब्यात." तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. आज शुक्रवार. दोघी नुकत्याच परतल्या होत्या.

 पाणी प्यायले आणि निघाले.

२२ नोव्हेंबर

अध्यक्षांना फोन केला. आठवड्यातले दोन दिवस गाडी द्या, एका आजारी मुलीसाठी. "ताई, दान दिलेली वस्तू अशी मागतात का? संस्थेचे नियम असतात."

मग खेमराजला विचारलं, गाडी कुठे आहे? "अध्यक्ष साहेबांच्या बंगल्यावर. त्याहीच्या सुनेले चालवाले शिकवून राहिलो."

"आणि पेशंट?"

"अजून कोणी बसलाच नाही, बाई."

२५ नोव्हेंबर

भाऊजींकडे त्यांची जीप मागायला गेले. त्यांनी आधी फोनवर माझा शाल घेतलेला फोटो दाखवला. "दानशूर बाईले गाडी काहून पायजे?"

उठून आले. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

२८ नोव्हेंबर

भाड्याची गाडी केली. गुड्डी आत मशीनवर, रुखमिणी आणि मी बाहेर बाकावर. चार तास. ती म्हणाली, "साहेब सांगत, माह्या बायकोनंच पाठवलं मले. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, मंग रातभर झोपली नाही, म्हनत. आमी तुमचं नाव घेतो, बाई, रोज."

त्या रात्री मी गाढ झोपले होते.