डोळे नसलेलं कार्ड

३ ऑगस्ट

धप्प! — शाडूचा गोळा पाटावर आपटल्याचा आवाज. आज पहाटे झोपेत ऐकला, पेणच्या गणपती कारखान्यातला, माझ्या पोरवयातला. मागोमाग शेजारच्या शाळेतून पोरांची एका सुरातली कविता. मी सातवीला शाळा सोडली, पण कविता भिंतीपलीकडून येतच राहिल्या. पुढे आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायला बसलो तेव्हा त्यांच्याच चालीवर हात चालायचा — एक कडवं, गणपतीचा एक डोळा.

आणि आता वरसे गावात मुलाकडे, तिसरा मजला. मुलगा दिनेश, सून भाग्यश्री कंपनीत, नात ऋतुजा शाळेत. "बाबा, कुलूप लावून जातो हं," इति दिनेश. दाराबाहेर खडखड. मागे न सांगता पेणच्या एस.टी.त बसलो, मध्येच वडखळला उतरलो आणि वाट विसरलो, तेव्हापासून हे. पण रविवारी तो मला कारखान्यात नेणार आहे! एक दिवस तरी आखणी करीन.

४ ऑगस्ट

गॅलरीच्या जाळीतून नदी दिसत नाही. इमारतींच्या पाठी दिसतात.

५ ऑगस्ट

ऋतुजाने काल तिची कार्डं दाखवली. पत्त्यांएवढी. पंखांचे साप, दगडी कासव, शेपट्याच शेपट्या असलेला कोल्हा. "आजोबा, हा ड्रॅगन सगळ्यात भारी!" भारी कसला! खवले सुरेख, ज्वाळा सुरेख — डोळेच नाहीत! आमच्याकडे आखणीशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नसे. आज दिवसभर तो आंधळा जीव आणि मी, दोघेच बंद घरात. बघवेना. तिचे रंग घेतले, बारीक ब्रश घेतला, दोन कडवी म्हटली. बघू लागला हो!

६ ऑगस्ट

नको होतं करायला.

"आजोबा, ते मिसप्रिंट होतं! डोळे छापायचे राहिले, म्हणूनच तर सगळ्यांना हवं होतं —" तिच्या वर्गातल्या सुरभीशी अदलाबदल ठरलेली. वर्षभर शोधत होती ती कार्डं मिळणार होती. रडत रडत फोटो काढला, मोबाइलच्या स्टेटसला टाकला. "बघू दे सगळ्यांना आजोबांचा पराक्रम!"

जेवताना दिनेश म्हणाला, "तिथे लोकांच्या मूर्ती बिघडवाल. पेण राहू दे आता." भाग्यश्री म्हणाली, "अहो, हळू." हळू बोलला असता तरी ऐकू आलंच असतं.

८ ऑगस्ट

ऋतुजा बोलत नाही.

९ ऑगस्ट

रविवार. सगळे घरात, दार सताड उघडं. उंबऱ्यापर्यंत गेलो. "बाबा, कुठे?" — परत येऊन बसलो.

१० ऑगस्ट

समोरच्या बाई जिन्यात बोलत होत्या. हाक मारावीशी वाटली. पण सांगणार काय — म्हातारा कोंडलाय म्हणून? लाज वाटली. कविता म्हणायला घेतली, दुसऱ्या कडव्याला अडलो.

११ ऑगस्ट

दुपारी दारावर थापा. "आप्पा! अवो, त्या कार्डावरल्या पंखवाल्या पालीला गौराईचे डोळे काढलेत व्हय?"

कमळी! कारखान्यात माझ्या शेजारी बसून साचे भरायची ती. पेणहून इथे!

"तुमच्या नातीचा फोटो फिरत फिरत माझ्या सुनेच्या मोबाइलवर आला. म्हटलं, हात नाय गेला म्हाताऱ्याचा. आखणीला माणूस नाय, गणपती आंधळे उभे हायेत. खाली टेम्पो थांबलाय. उघडा की!"

मग सांगूनच टाकलं, "कमळे गो, बाहेरून कुलूप आहे."

पलीकडे तिच्या बांगड्या दारावर किणकिणल्या.

"कुलूप कुठाय, आप्पा? नुसती कडी हाय."