कार्स ते अंकारा : एक ठाम नकार

मेहेर महिना, तारीख १२, गुरुवार. सकाळ, कार्स स्टेशन.
ठरलं. अंकारा यायच्या आत नकार द्यायचा. तोंडावर. सोल्माझ आमची एकुलती एक पोर. इराणातून तुर्कस्तानात शिकायला पाठवली, तर आता तिथल्याच तुर्गुतशी लग्न करून तिथेच राहते म्हणे. त्या तुर्गुतचा बाप, नेज्देत, मला न्यायला इथवर आलाय. दोन बर्थचं कंपार्टमेंट, आम्ही दोघंच. बरं झालं. पळेल कुठे?
अख्तरने निघताना बजावलं, तिकडे तोंडदेखलं काही बोलू नका, त्या लोकांना खरं वाटतं. बायको मला शिकवते. जन्मभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाला.

दुपार.
संताप संताप. पाठीसाठी मुद्दाम खालचा बर्थ घेतला होता. माणुसकी म्हणून म्हटलं, तुम्ही खाली झोपा, मी काय, कुठेही पडेन. आमच्या तब्रीझमध्ये यावर समोरचा छे छे, भलतंच म्हणतो. आपण पुन्हा म्हणतो, तो पुन्हा नको म्हणतो, आणि बर्थ ज्याचा त्यालाच राहतो. हा म्हणाला, देव तुमचं भलं करो मास्तर. आणि बूट काढले.

संध्याकाळ.
अख्तरने कोफ्ते दिले होते, डाळिंबाएवढाले. म्हटलं, घ्या, तुमच्यासाठीच आणलेत. सगळे खाल्ले. वर म्हणतो, वहिनींच्या हाताला चव आहे. मी चहात पाव बुडवून खाल्ला. निर्लज्ज माणूस.
नकार चहानंतर देणार होतो. पण तो तुर्गुतचे लहानपणीचे फोटो दाखवत बसला. फोटो हातात असताना कसं बोलणार? झोपण्यापूर्वी नक्की.

रात्र, वरचा बर्थ.
खाली हा घोरतोय. पाठीचा भुगा झालाय. सोल्माझचा फोन आला होता. विचारत होती, बाबा, चांगले आहेत ना ते? म्हटलं, झोप आता. ही कायमची गेली तर घरात राहिलं कोण? मी आणि अख्तर, एकमेकांवर खेकसायला. नाही जमणार मला. वाक्य पाठ केलंय. हे लग्न होणार नाही.

मेहेर १३, शुक्रवार. पहाट.
वरूनच म्हटलं, नेज्देतभाई, सोल्माझबद्दल बोलायचंय. हा ताडकन उठला. पायजम्यावर कोट चढवला, उभा राहिला आणि म्हणाला, अल्लाच्या आज्ञेने तुमची मुलगी आमच्या तुर्गुतसाठी मागतो. डोळ्यांत पाणी. अशा माणसाला एकदम नाही कसं म्हणायचं? रीत म्हणून म्हटलं, मागता काय, ती तुमचीच मुलगी आहे.
आणि थांबलो. निदान एकदा तरी त्याने म्हणायचं, असं कसं, घरी विचारा, सावकाश ठरवा. त्याने शिडीवर चढून माझे दोन्ही गाल चुंबले आणि मुलाला फोन लावला.

अंकारा, दुपार.
स्टेशनवर सोल्माझ गळ्यात पडून रडली. म्हणाली, वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पूर्ण विचार करूनच होकार दिलाय.
मग म्हणाली, बाबा, लग्नाआधी थोडे दिवस तब्रीझला येऊ का तुमच्याबरोबर? मी म्हटलं, कशाला, इथे कामं असतील तुला. ती म्हणाली, बरं.
तब्रीझमध्ये वाढलेली पोर. पुन्हा विचारायला हवं होतं तिने.