पहिले जेवून घे

बाबा, अकोल्याहून माझ्या विद्यार्थिनीचा फोन येऊन गेला आणि तेव्हापासून मी या टेबलाशी नुसती बसून आहे. ती काम करते त्या मुलींच्या निवासगृहात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई आज सकाळी दवाखान्यात गेली, म्हणजे वारली. बघा, सरळ शब्द लिहायलाही मला वळसा घालावा लागतो. मुलीला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. उद्या दुपारी तिचा मामा सुरतहून येईल आणि तिला मयतीसाठी बार्शीटाकळीला नेईल, त्याआधी सकाळी मी जाऊन सांगावं असं ठरलंय. का, तर अमरावतीला मी हेच शिकवते. अशा लेकरांना सांभाळणारी माणसं तयार करायचा आमचा अभ्यासक्रम आहे, आणि मुलांशी बोलावं कसं हा त्यातला विषय माझ्याकडे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बोलाले काय शिका लागते व?" आज मलाही तेच वाटतंय.

काय शिकवते सांगू? आवाज खाली आणा. लेकराच्या समोर नाही, बाजूला बसा. घाई करू नका. वर्गात मी दोन खुर्च्या ठेवते, एकानं लेकरू व्हायचं, एकानं ताई. लेकरू झालेली कधीकधी इतकं मन लावून रडते की ताईच घाबरते आणि सगळा वर्ग हसत सुटतो. वाईट बातमी कशी सांगावी, हा धडा आला की मात्र मी एका बापाची गोष्ट सांगते. असं सांगू नका म्हणून. तो बाप कोण, हे आजवर मी एकाही वर्गाला सांगितलेलं नाही.

मधली सुट्टी आहे. भातकुलीच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मुली गोल करून बसलोय, माझा डबा उघडा आहे, त्यात वांग्याची भाजी आहे, आपल्याच मळ्यातली. तुम्ही येता. सदऱ्याला मेथीची पानं चिकटलेली, म्हणजे पहाटे भाजी घेऊन बाजारात गेलात ते तिथूनच दवाखान्यात पोचलेले. जवळही येत नाही तुम्ही. पायरीखालून, बाजारात गिऱ्हाईक बोलवायच्या त्याच आवाजात म्हणता, "तुही माय गेली. चाल." सगळ्या मुलींचे हात थांबतात. मी डब्याला झाकण लावते, नीट दाबून लावते, आणि चपला शोधायला लागते. घरी आत्या तुमच्यावर तुटून पडली होती. "लेकरू जेवू तं द्याचं होतं! असं सांगते का कोनी?" महिनाभर आलं गेलं माणूस तेच बोलत होतं आणि तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. मी आत्याच्या बाजूची झाले ती कायमची. कॉलेजात, नोकरीत, वर्गात मी जे काही उभं केलं ते तुमच्या त्या एका वाक्याच्या विरोधात उभं केलं, बाबा. 'लेकराच्या पोटात काहीतरी जाऊ द्या, मगच सांगा' हा माझा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, आत्याचा आहे.

आज माझ्या विद्यार्थिनीनं तो पाळला. दर्यापूरकडची शेतकऱ्याची मुलगी आहे ती, घसा खणखणीत. वर्षभर मागे लागून मी तिचा आवाज खाली आणला. फोनवर ती रडत होती. "मॅडम, तुमी शिकवलं तसंच केलं. ताट वाढलं. तिच्या बाजूले बसली. हळूच म्हटलं, बाळा, पहिले जेवून घे, मंग आपण बोलू. तं तिनं ताट सरकवून देल्लं अन् माह्याकडे पाहून विचारलं, माही माय मेली का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी घाबरली, मॅडम. म्हटलं, नाई व, तसं काही नाई."

तेव्हापासून ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलीय. पाणीसुद्धा घेत नाही. जो जवळ जाईल त्याला एकच विचारते, "खरं सांगा." आणि तिथली सगळी मोठी माणसं हळू आवाजात तिला सांगतायत, बाळा, काही नाही झालं.

तिला कसं कळलं, हे मला इतकी वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. अहो, आपल्याकडे हळू बोलतं कोण? जेवायची हाक मारायची तीसुद्धा भांडल्यासारखी. "काय व पोट्टे, गिळतं का उपाशी राहतं?" असं तुम्ही ओट्यावरून ओरडलात की मला कळायचं, सगळं ठीक आहे. आवाज खाली येतो, माणूस बाजूला येऊन बसतं, हातात हात घेतं आणि आधी जेव म्हणतं, ते घरात मयत झालं की. पुढं चूल पेटणार नसते म्हणून. वऱ्हाडातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं हे. आणि मी वऱ्हाडातल्याच पोरींना बसवून, नीट घोटून घेऊन, नेमका तोच आवाज शिकवला. रागवायचं कुणावर, कळत नाही.

तुमचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. आजही नाही म्हणत. तुमच्यापाशी काही शहाणपण होतं असंही नाही, तुम्ही वारल्यावर माझा मामा म्हणाला होता, "त्याले दम धरवलाच नाई. मी म्हटलं, शाळा सुटू दे, मी सांगतो तिले. तं ऐकलंच नाई. जो निघाला तो सीधा तुह्या शाळेत." मामानं ते तुमची तक्रार म्हणूनच सांगितलं आणि मीही तक्रार म्हणूनच ऐकलं. पण त्या दिवशी माझी आई जाऊन किती वेळ झाला होता? तुम्हाला दवाखान्यातून भातकुलीला यायला लागला तेवढाच. तेवढ्यात माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं.

आणि इथं सगळं उद्यावर ढकललंय. म्हणजे आजची रात्र त्या लेकरानं सगळं कळूनही एकटीनं काढायची, का तर मॅडमना सकाळची गाडी सोयीची आहे. अजून ऊन आहे. स्टँडवर अकोल्याची गाडी मिळेल. हा कागद टेबलावरच राहील, टाकायचा तरी कुठे? पायरीखालून नाही सांगणार मी, तिच्याजवळ जाईन. पण ताट मध्ये ठेवणार नाही, आणि आवाज येईल तसा येऊ देईन.

एवढंच आहे की मला फार भीती वाटतेय. ती रडेल याची नाही, रडायलाच हवं तिनं. ती माझं तोंड लक्षात ठेवेल आणि जन्मभर माझ्यावर राग धरेल, मी तुमच्यावर धरला तसा, याची. मला ते नकोय, बाबा. तुम्हालाही नकोच असेल, हे मला आज कळतंय.