मनगटाला आधार

४ एप्रिल २०१६

निवृत्त बाईनं भजनी मंडळात टाळ कुटावेत, असं माझ्या सुनेचं मत. मी बॅग भरली आणि पडेगावच्या या निवासी केंद्रात दिव्यांगांच्या सेवेचं प्रशिक्षण घ्यायला आले. खोली स्वच्छ, खिडकीतून वारा छान येतो. शेजारी नव्या इमारती चढताहेत. त्यांना टँकर रोज, आम्हाला आठवड्यातून एकदा. संचालिका दमयंतीबाई मधाळ बोलतात. मला माई म्हणतात.

९ एप्रिल

माझ्याकडे मनस्विनी दिली आहे. एकोणीस वर्षांची, बोलत नाही, मान धरत नाही. अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून ती मनातलं सांगते. आपण फक्त मनगटाला आधार द्यायचा. बाईंच्या हातात तिचं बोट सरसर फिरतं, माझ्या हातात जागचं हलत नाही. बाई म्हणाल्या, माई, तुमचा विश्वास कमी पडतो. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं; विश्वासानं कुणाचं स्पेलिंग सुधारलेलं पाहिलं नाही.

२२ एप्रिल

टँकर आला नाही. मनस्विनीची पाळी. इथली मदतनीस भामाबाई करवादली, ही पोरगी लई बादल्या खाते म्हणून. दुपारी बाईंनी मनगट धरलं आणि मनस्विनीच्या बोटानं लिहिलं: माझी गर्भपिशवी काढून टाका. किती समजूतदार पोर, म्हणत बाईंनी डोळे पुसले. बिडकीनहून तिची आई लक्ष्मीबाई आठ मे रोजी येईल. तिनं अंगठा दिला की शस्त्रक्रिया.

२३ एप्रिल

बाई बाहेर असताना मनस्विनीला लिंबू चाखवलं. बाई आल्यावर खोटंच सांगितलं की गूळ दिलाय, चव विचारा. पोरीचं तोंड अजून वाकडं होतं. बोटानं लिहिलं: गोड.

६ मे

बाईंना तोंडावर सांगितलं: लिहिता तुम्ही, ती नव्हे. परवा लक्ष्मीबाईलाही सांगणार. बाई चिडल्या नाहीत. माई, ऊन बाधलंय तुम्हाला, म्हणाल्या आणि स्वतः कैरीचं पन्हं करून आणलं. किंचित कडू लागलं.

७ मे

उठता येत नाही. जीभ लाकडासारखी. उजवा हात तेवढा चालतो.

डॉक्टर बोलवा, असं लिहून भामाबाईपुढे धरलं. तिला वाचता येत नाही. बाईंनी कागद घेऊन मोठ्यानं वाचला: मला विश्रांती हवी आहे. मी मान हलवली, नाही— नाही— भामाबाई म्हणाली, व्हय म्हणत्यात.

दुपार. पुन्हा पन्हं— चमच्यानं— गाल दाबून—

बोटं सैल पडताहेत. उद्या लक्ष्मीबाई. तिला कसं—

८ मे

आज खूप प्रसन्न वाटतं आहे. बाई मनगटाला आधार देतात, म्हणून लिहिता येतं. लक्ष्मीबाई समोर बसली आहे. बाई तिला हे वाचून दाखवत आहेत. मनस्विनी स्वतःच्या मनानं बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लक्ष्मीबाई म्हणाली, मॅडम येवढ्या शिकलेल्या, त्या म्हणत्यात तर व्हय.

ती अंगठ्याला शाई लावते आहे. नको— नकोत आता मनात शंका. बाई खोट— खोटं कधीच बोलत नाहीत.

अंगठा उमटला. मनस्विनी आनंदात आहे.

मला घरी न्या— न्यायला कुणी येऊ नये. मी इथंच