पानं मीच चिरली होती

ताई,

तू आत्ताच झोपली आहेस म्हणून उठवत नाही. दवाखान्यातून आत्याचा फोन आला होता. बाबांच्या घशाची सूज उतरली आहे, सकाळी त्यांनी थोडं पाणीही घेतलं.

आता पुढचं शेवटपर्यंत वाच. काल तू केलेल्या सॅलडमध्ये अळूची पानं मी घातली. तू ती शिजवायला म्हणून धुऊन ठेवली होतीस आणि कामावर जाताना बजावलंही होतंस, "कच्ची तोंडात घालू नकोस, घसा सुजतो." मला वाटलं, पालकासारखीच तर दिसतात, ताई उगाच बाऊ करते. म्हणून बारीक चिरून मिसळली. मी ताट घ्यायच्या आतच बाबांनी चार घास खाल्ले आणि गळा धरून खाली बसले.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माझ्याकडूनच चुकून एखादं पान गेलं असेल." आत्या सगळ्यांदेखत तुला वाट्टेल ते बोलली. मी शेजारी उभा राहून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. घरी आल्यावर तू मलाच जेवायला वाढलंस आणि मी जेवलोसुद्धा.

मी दवाखान्यात जातोय. आत्यासमोरच बाबांना खरं सांगणार आहे.

उरलेली पानं ओट्यावर झाकून ठेवली आहेत. नीट शिजवलीस तर चालतील, नाहीतर फेकून दे. आणि आता बाबांची माफी मागू नकोस. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

धाकटा