अळ्यांचं ऑपरेशन थिएटर

२ मार्च, सकाळी ७.१०
ही वही फक्त माझ्यासाठी. हयगय आणि तक्रारी यांना इथे जागा नाही.
कमिटीने गच्चीवरची खोली तीन आठवड्यांसाठी मला दिली. इमारतीतल्या सोळा घरांचा ओला कचरा मी अळ्यांकडून संपवून दाखवायचा. २३ला पाहणी. जमलं तर खोली कायमची प्रकल्पाला आणि दारावर ‘प्रमुख’ अशी पाटी, माझ्या नावाची. नाही जमलं तर तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाची व्यायामाची यंत्रं.
न जमण्याचा प्रश्नच नाही. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. मला बघितलं की सर्जन पुन्हा हात धुवायला जायचे.

३ मार्च
सूनबाईने तिच्या लॅबमधून माशीच्या अळ्या आणून दिल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या. दोन टब. म्हणाली, आई, खरं काम अळी करत नाही, तिच्या पोटातले जंतू करतात. अळी नुसती हमाल. जंतूंचं एवढं कौतुक! कॉलेजात मीही त्यांच्याबद्दल शिकले होते. तेव्हा ते आपली पायरी ओळखून होते.

४ मार्च
दुसरा टब यांच्याकडे दिला. मुद्दाम. माझी शिस्त उठून दिसायची तर शेजारी एक गबाळा टब हवा. हे म्हणाले, बरं.

७ मार्च
पद्धत ठरली. कचरा दोनदा धुणे, वीस मिनिटं उकळणे, वर दोन झाकणं जंतुनाशक. टबावर हिरवं कापड. वास शून्य.
यांच्या टबात कलिंगडाची सालं, शिळा भात, चहाचा चोथा, नासलेलं दूध, सगळं जसंच्या तसं. वर अळ्यांना विचारतात, काय मंडळी, आजचा बेत कसा काय? नोकरीत असतानाही यांना कुणावर वचक ठेवता आला नाही.

१० मार्च
यांच्या अळ्या खाताना चक्क आवाज करतात. पत्र्यावर रिमझिम पडावी तसा. माझ्या शांत. बोट लावलं तरी हलत नाहीत. वळण लागायला आठवडा पुरला.
सूनबाईला फोन केला. ते पोटातले जंतू येतात कुठून? म्हणाली, बरेचसे खाण्यातूनच. तुम्ही काही मारत तर नाही ना, आई? मी म्हटलं, मी कशाला मारीन, मी फक्त स्वच्छता राखते. पलीकडून तिने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. नेटवर्क खराब असावं.

१३ मार्च
माझ्या टबातला कचरा होता तेवढाच. अळ्याही होत्या तेवढ्याच. सडपातळ. काही तर आडव्या पडल्यात. संसर्गच, दुसरं काय! घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घातल्या. पाच दिवसांचा कोर्स. अर्धवट सोडणं मला चालत नाही.

१४ मार्च
पैलवान टेप घेऊन खोली मोजायला आला. सुनावलं, माझ्या अळ्यांना तुझा घामट वास सोसायचा नाही. म्हणाला, काकू, त्यांना सध्या काय सोसतंय?
उद्धट.

१६ मार्च
सूनबाई येऊन बघून गेली. कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल. म्हणाली, आई, अळ्यांपुढे जेवण आहे, पण ते पचवणारं पोटात कुणी उरलेलं नाही. गोळ्या आधी बंद करा आणि बाबांच्या टबातलं चमचाभर यांना घाला, अजून सावरतील.
यांच्या टबातली घाण माझ्या थिएटरमध्ये? साफ नकार दिला.

१७ मार्च
प्रकल्पाच्या हितासाठी नमतं घेतलं. यांच्या टबातलं चमचाभर घातलं.
उकळून.

२० मार्च
सोळा घरांच्या बादल्या आता यांच्याच टबात रिकाम्या होतात. टबही एकाचे चार झाले. मला न विचारता. पण कचरा संपतोय. म्हणजे माझा प्रकल्प वेळेत आहे.

२२ मार्च
भाषण तयार. चार पानं. यांचे टब पडद्यामागे लपवले. पाहुण्यांसमोर पसारा नको. यांना उद्या घरीच थांबायला सांगितलं. हे म्हणाले, बरं.

२३ मार्च, संध्याकाळी
कमिटी आली. सेक्रेटरींनी हिरवं कापड उचललं आणि विचारलं, काकू, हे सूप कुणासाठी? मी पहिलं पान काढलं. तेवढ्यात ते थबकले. म्हणाले, नळ चालू राहिलाय का कुठे?
पडदा त्यांनीच सरकवला. चारही टबांत बोटाच्या पेराएवढ्या अळ्या, खाली काळंभोर खत. पैलवानाने वाकून बघितलं. म्हणाला, वा, तब्येत बघा एकेकीची! आणि स्वतःच म्हणाला, खोली या अळ्यांनाच द्या, माझी यंत्रं राहू देत घरात.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, काकांना बोलवा की, रोज तेच करतात सगळं.
भाषण राहिलं.

२४ मार्च
पाटी लागली. नाव यांचं, खाली ‘प्रमुख’. पाटीचा एक खिळा मीच ठोकला. हे वाकडा ठोकत होते.
हे म्हणाले, अगं, तुझ्याशिवाय कसं होणार? कमिटीशी बोलून मला खास जबाबदारी मिळवून दिली. रिकाम्या बादल्या धुण्याची. दाराच्या बाहेर.
सोळाच्या सोळा घासल्या. उन्हात पालथ्या घातल्या, एका ओळीत. तेरावी जराशी पुढे आली होती.
मागे सरकवली.