कबरी राखायला माणूस पाहिजे

प्रिय शीरा,

खरोखर कामासाठी पहिली आली ती गडब गावची धोंडुबाई. सोबत लेक जनी, इथंच आपल्या गावात दिलेली. उंबऱ्यातूनच विचारते कशी, गो आजी, कबरींचं काम तुमच्याकडंच ना? मला इतका आनंद झाला, आधी चहा टाकला आणि मग रडले.

तू इस्राएलात बसून मोबाइलवर जाहिरात टाकलीस, तिला कोण आलं होतं ठाऊक आहे? निसर्गरम्य ठिकाण, शांत वातावरण, उत्साही केअरटेकर हवा. शब्द गोड होते गो बाळा. दोन पोरं बुलेटवरून आली नि म्हणतात, आजी, फार्महाऊसचा स्विमिंग पूल कुठाय? मी आपलं कब्रस्तान दाखवलं. हेल्मेट घालायलाही थांबली नाहीत.

मग मी किराणावाल्या इद्रीसला म्हटलं, तुझ्या दुकानाच्या फळ्यावर मी सांगते तसं लिही. बेने इस्राएल ज्यूंच्या कबरी राखायला माणूस पाहिजे. पावसात गवत कमरेएवढं होतं, साप निघतात. बोलायला कोणी नाही. काम केलं की नाही बघायलाही कोणी येत नाही, सगळे परदेशी गेले. शनिवारी आमचा शब्बाथ, विळा लावायचा नाही. इद्रीस म्हणाला, मावशी, यानं माणूस येईल का पळेल?

आली की धोंडुबाई! म्हणते, बघायला कोणी येत नाय हे जनीनं वाचून दाखवलं नि जीव हलला. तिचं पहिलं लेकरू शेताच्या बांधाला पुरलेलं. हायवे रुंद झाला, त्यावर डांबर पडलं. आता तिथं घडीभर बसताही येत नाय, म्हणाली. तुमची तरी राखते.

सगळीकडे फिरली. तुझ्या हासाजी आजोबांशेजारच्या रिकाम्या जागेत सब्जा लावू का, विचारलं. मी म्हटलं, नको, मोकळीच ठेव. तिनं माझ्याकडं पाहिलं, नि त्या जागेतलं गवत हातानं उपटायला बसली.

शीरा, पेणच्या डॉक्टरनं पोटातली गाठ दाखवली. उशीर झालाय म्हणाला. तू विमानाची धावपळ करू नकोस, आपल्यात त्याच दिवशी माती देतात, तू पोचायची नाहीस. म्हणून लिहिते. तुझा नंबर मी धोंडुबाईला दिलाय. अनोळखी नंबर दिसला की तू फोन कापतेस, तिचा उचल. सांगेल ते ऐक, आणि जेवलात का, एवढं तिला विचार.

उद्या शनिवार. दोघी रविवारी विळे घेऊन येतो म्हणाल्यात.

तुझीच आजी,
सिपोरा